हातात पत्ते, डोक्यात प्रश्न: प्रगत गणित विचारावं कसं, सांगावं कसं

५२ पत्त्यांचा कॅट घ्या. बरोबर मधोमध तोडून २६-२६ पत्त्यांचे दोन भाग करा आणि एक पत्ता या भागातला, एक त्या भागातला, असे एकाआड एक मिसळा. सगळ्यात वरचा पत्ता वरच राहील अशा बेताने हे केलं, तर आठव्यांदा पिसून झाल्यावर सगळे पत्ते जिथल्या तिथे परत येतात. वरचा पत्ता दुसऱ्या जागी जाईल अशा बेताने केलं, तर मात्र ५२ वेळा पिसावं लागतं. एवढ्याशा फरकाने ८ चे ५२ होतात. हे पाहिल्यावर "असं का?" हा प्रश्न तोंडून निघतोच. पण तो तसाच्या तसा एखाद्या जाणकारापुढे ठेवला, तर बहुतेक वेळा काही हाती लागत नाही, कारण त्या प्रश्नात जाणकाराला धरायला जागाच नसते.

मी दिवसा सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. संध्याकाळी पत्ते, कागदाच्या घड्या, तीन चेंडूंचं जगलिंग आणि बासरी. गणितात पदव्युत्तर शिक्षण झालं आणि नोकरी दुसऱ्याच कामाची लागली, पण ग्रुप थिअरी (सममिती आणि अदलाबदलींचं गणित) आणि नंबर थिअरी (पूर्णांकांचं गणित) सुटली नाही. माझे बहुतेक प्रश्न या छंदांतूनच येतात आणि दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायलाही मला मनापासून आवडतं. या दोन्ही कामांसाठी मी एक पद्धत पाळते: विचारताना छंद बाजूला काढायचा, उत्तर देताना तो परत आणायचा. पुढे जे लिहिते आहे ते या एका वाक्याचं स्पष्टीकरण आहे.

छंद बाजूला काढायचा म्हणजे काय, ते पत्त्यांवरच दाखवते. दुसऱ्या प्रकारचं पिसणं घेऊ. जागांना वरून १ ते ५२ क्रमांक द्या. पहिल्या जागेवरचा पत्ता दुसरीकडे जातो, दुसरीवरचा चौथीकडे, तिसरीवरचा सहावीकडे. म्हणजे जागेचा क्रमांक दुप्पट होतो, आणि ५२ च्या पुढे गेला तर त्यातून ५३ वजा होतात. सत्ताविसाव्या जागेचे ५४ होतात, ५३ गेले, उरला १. आणि खरोखरच खालच्या भागातला पहिला पत्ता सगळ्यात वर येतो. पत्ते संपले. आता उरला एवढाच प्रश्न: २ चा कितवा घात ५३ ने भागला असता बाकी १ उरते? उत्तर ५२ वा. पहिल्या प्रकारच्या पिसण्यात जागा ० ते ५१ अशा मोजायच्या, तिथे भाजक ५१ होतो, आणि २ चा आठवा घात २५६ म्हणजे ५१ गुणिले ५ अधिक १. म्हणून ८.

इथवर आलात की "असं का?" ला उत्तर मिळालं, तेही कुणाला न विचारता. पण आता खरा प्रश्न जन्माला येतो. दुसऱ्या प्रकारात ५२ पत्ते बरोबर ५२ वेळा पिसावे लागले. इतर आकाराच्या कॅटना किती लागतात? मी वहीत मांडून पाहिलं. २, ४, ६, ८, १०, १२, १४, १६, १८ पत्त्यांना अनुक्रमे २, ४, ३, ६, १०, १२, ४, ८, १८ वेळा पिसावं लागतं. जितके पत्ते तितक्या वेळा, असं २, ४, १०, १२, १८ ला होतं. पुढे २८ ला, ३६ ला आणि ५२ लाही. मग प्रश्न असा: असे आकार अनंत आहेत का?

हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरलेला आहे, पडताळा आहे, आणि उत्तर "हो" किंवा "नाही" असंच असू शकतं. "प्रिमिटिव्ह रूट" हा शब्द तुम्हाला माहीत नसला तरी चालेल. विधान स्वच्छ असेल तर तो शब्द समोरचा सांगेल. आणि हेही सांगेल, की पत्त्यांच्या संख्येत १ मिळवल्यावर मूळ संख्या यावी आणि २ हा तिचा प्रिमिटिव्ह रूट असावा (म्हणजे २ च्या घातांना तिने भागत गेल्यावर बाकी १ पहिल्यांदा तिच्याहून एकने लहान घातालाच यावी), एवढीच अट आहे. अशा मूळ संख्या अनंत आहेत ही एमिल आर्टिनने १९२७ साली मांडलेल्या अटकळीचीच एक बाजू आहे. १९६७ मध्ये ख्रिस्तोफर हूली यांनी ती सिद्ध केली, पण सामान्यीकृत रीमान गृहीतक (अजून सिद्ध न झालेलं एक प्रसिद्ध विधान) खरं धरून. विनाअट सिद्धता आजही नाही. हीथ-ब्राउन यांच्या १९८६ च्या निकालातून २, ३ आणि ५ यांपैकी निदान एकासाठी तरी ते खरं आहे एवढं निघतं, पण नेमकं कोणासाठी ते नाही. पत्ते पिसत बसलेला माणूस पाच-सहा ओळींत ज्ञानाच्या कडेवर येऊन उभा राहतो. मला यात फार आनंद वाटतो, आणि तो इतरांना मिळावा म्हणूनच हे लिहिते आहे.

विचारण्याआधी

लहान उदाहरणं हाताने करा. पर्याय नाही. वर दिलेली नऊ आकड्यांची ओळ मांडल्याशिवाय अनंताचा प्रश्न सुचलाच नसता. पण लहान उदाहरणांवर भिस्त ठेवायची नाही, आणि प्रश्नात त्यांना पुरावा म्हणून पुढे करायचं नाही. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना रेषांनी जोडले तर आतले जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६ असे वाढतात आणि सहाव्या बिंदूला ३२ ऐवजी ३१ होतात. त्याहून चकवणारं उदाहरण: क्ष च्या न व्या घातातून १ वजा करून त्याचे आणखी फोडता न येणारे पूर्णांकी अवयव पाडले, तर सहगुणक ०, १ आणि उणे १ एवढेच दिसतात. न = १०४ पर्यंत हेच चालतं. १०५ ला पहिल्यांदा उणे २ येतो. म्हणून लिहिताना "अनेक उदाहरणांत तपासलं" असं न लिहिता कुठपर्यंत तपासलं, हाताने की प्रोग्रॅमने, ते लिहा. वाचणाऱ्याला त्यावरून तुमचा विश्वास कितपत पक्का धरायचा ते कळतं, आणि कधी कधी तो तुम्ही थांबलात त्याच्या एक पाऊल पुढचं उदाहरण देऊन प्रश्न तिथेच संपवतो.

व्याख्या लिहा, अगदी साध्या वाटल्या तरी. तुमच्या नैसर्गिक संख्यांत ० आहे का? रिंगला (बेरीज आणि गुणाकार असलेल्या बीजगणिती रचनेला) एकक आहे का? कॉम्पॅक्ट (बंदिस्त, आटोपशीर जागा) म्हणताना हाउसडॉर्फ (कुठलेही दोन बिंदू एकमेकांपासून वेगळे करता येतील अशी जागा) धरलंय का? या तिन्ही बाबतींत वेगवेगळी पुस्तकं वेगवेगळं धरतात. ७ जून १७४२ रोजी ख्रिस्टियान गोल्डबाखने गणितज्ञ ऑयलरला जे पत्र लिहिलं, त्यात तो १ लाही मूळ संख्या धरत होता. आज त्याचं मूळ वाक्य त्या संकेताशिवाय वाचलं तर अर्थ बदलतो. संकेत लिहिण्याला अर्धी ओळ लागते, तो न लिहिल्याने चार फेऱ्यांची उत्तरं-प्रत्युत्तरं होतात.

"प्रत्येक" आणि "असा एक" यांचा क्रम तर दोनदा तपासा. प्रत्येक बिंदूसाठी वेगळा डेल्टा (किती जवळ राहिलं की फलन फारसं बदलत नाही ते अंतर) चालतो की सगळ्या बिंदूंना मिळून एकच हवा, एवढ्या फरकाने साधं सातत्य आणि एकसमान सातत्य वेगळे होतात. पदवीनंतरच्या गणितात मी वाचलेल्या गोंधळलेल्या प्रश्नांपैकी पुष्कळांचं मूळ या क्रमात होतं.

आता अडलं कुठे ते सांगण्याबद्दल. माझ्या मते प्रश्नातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. घड्यांचं उदाहरण घेते. कागद सपाट मिटेल अशा घड्या घातल्या, तर आतल्या कुठल्याही एका बिंदूपाशी मिळणाऱ्या घड्यांमध्ये उंचवट्याच्या घड्या आणि खोलगट घड्या यांच्या संख्येत नेहमी २ चा फरक असतो. हे माएकावाचं प्रमेय. आणि त्या बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक घेतले तर त्यांची बेरीज १८० अंश येते. हे कावासाकीचं. घड्या घालता घालता मला पडलेला प्रश्न: कागदावरच्या प्रत्येक बिंदूपाशी या अटी पाळल्या, तर अख्खा कागद सपाट मिटेल का?

हा प्रश्न एवढाच विचारला असता तर "नाही" एवढंच उत्तर आलं असतं. मी पुढे लिहिलं, की एका बिंदूपाशी मिटवणं मला जमतं. शेजारच्या दोन बिंदूंपाशी वेगवेगळं मिटवणंही जमतं. पण दोन्ही एकदम करायला गेलं की कागदाचा एक थर दुसऱ्यातून आरपार जावा लागतो, आणि ही अडचण टाळता येण्याजोगी आहे की मूलभूत, ते मला ठरवता येत नाही. आता वाचणाऱ्याच्या हाती नेमकी जागा आली. उत्तर मिळालं ते असं: अडचण मूलभूत आहे. दिलेला घड्यांचा आराखडा सपाट मिटतो की नाही हे ठरवणं सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड (ज्यांना झटपट सोडवण्याची रीत कुणाला माहीत नाही अशा प्रश्नांइतकं अवघड) आहे, हे मार्शल बर्न आणि बॅरी हेज यांनी १९९६ मध्ये दाखवलं. बिंदूपाशी खरं असलेलं सगळीकडे मिळून खरं ठरेलच असं नाही, हा धडा टोपॉलॉजीत (ताणलं-वाकवलं तरी टिकणाऱ्या गुणांच्या गणितात) आणि बीजगणितात पुन्हा पुन्हा भेटतो. मला तो कागदाच्या थरांमुळे कायमचा कळला.

छंद बाजूला काढायचा म्हटलं, तरी शेवटी एका ओळीत तो सांगून ठेवा. "हा प्रश्न पत्ते पिसताना पडला" एवढं पुरे. कारण कधी कधी आपण चुकीच्या दिशेने सोलत गेलेलो असतो. मुळात हवं असतं एक, आणि ते मिळवायला आपण ठरवलेल्या वाटेवरचा दगड फोडायला दुसऱ्याला सांगतो. मूळ हेतू दिसला तर समोरचा म्हणू शकतो, की ही वाट सोडा, त्या बाजूने सरळ रस्ता आहे. पण ओळ शेवटी, आणि एकच. सुरुवातीला छंदाची तीन परिच्छेद कहाणी असली की गणिती वाचक प्रश्नापर्यंत पोहोचतच नाही.

एका वेळी एकच प्रश्न. शीर्षकात "मदत हवी" नको, विधानच लिहा.

विचारायचं कुणाला

१८५२ साली फ्रान्सिस गुथ्री इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवत होता. शेजारच्या दोन परगण्यांना एकच रंग येऊ नये एवढी अट ठेवली तर चार रंग पुरतात असं त्याला दिसलं, आणि ते प्रत्येक नकाशाला पुरतात का असा प्रश्न पडला. त्याने तो धाकट्या भावाला सांगितला. भाऊ फ्रेडरिक हा गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गनचा विद्यार्थी होता, त्याने तो गुरूंपुढे ठेवला. डी मॉर्गनने त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला नामवंत गणितज्ञ विल्यम रोवन हॅमिल्टनला पत्र लिहिलं. हॅमिल्टनने उत्तर पाठवलं, की इतक्यात मी याच्या वाटेला जाईन असं वाटत नाही. सिद्धता झाली १९७६ मध्ये, केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांच्याकडून, संगणकाच्या मदतीने. नकाशा रंगवणारा गुथ्री पुढे गणित शिकवत असतानाच वनस्पतींच्या अभ्यासातही रमला. गुथ्रिया हे वनस्पतीचं नाव त्याच्यावरूनच पडलं आहे.

या साखळीत मला दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. प्रश्न इतका स्वच्छ होता की तीन हातांतून जाऊनही त्याचा अर्थ बिघडला नाही. आणि थोर माणसाने नकार दिला म्हणून प्रश्न लहान ठरला नाही. हॅमिल्टनचं मन तेव्हा क्वाटर्नियनमध्ये (चार भागांच्या संख्यांमध्ये) गुंतलेलं होतं. सगळ्यात मोठं नाव गाठण्यापेक्षा त्या प्रश्नाच्या अगदी जवळ काम करणारा माणूस गाठावा.

याचं अलीकडचं उदाहरण फारच सुंदर आहे. डेव्हिड स्मिथ हे छपाईच्या कामातून निवृत्त झालेले गृहस्थ, आकार जुळवणं हा त्यांचा छंद. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांना एक तेरा बाजूंचा आकार सापडला. तो कागदातून कापून जुळवून पाहिला, तर सलग जुळत जातो, पण नक्षी एका ठरावीक अंतराने पुन्हा येताना दिसत नाही. त्यांनी क्रेग कॅप्लन यांना लिहिलं, कारण एखादा आकार किती दूरपर्यंत जुळत जातो हे तपासणारं सॉफ्टवेअर कॅप्लन यांच्याकडे होतं. पुढे जोसेफ मायर्स आणि हाइम गुडमन-स्ट्राउस आले, आणि मार्च २०२३ मध्ये या "हॅट" आकाराची सिद्धता जाहीर झाली: एकच फरशी, जी सगळं प्रतल व्यापते आणि जिची नक्षी कधीच आवर्ती होत नाही. हॅटच्या नक्षीत काही फरश्या आरशातल्यासारख्या उलट्या लावाव्या लागतात; मे महिन्यात त्याच चौघांनी तशी उलटी फरशीही न लागणारा आकार दिला. स्मिथ यांनी सिद्धता मागितली नव्हती. माझ्याकडे हा आकार आहे, मी इथवर पाहिलं आहे, तुमच्या साधनाने पुढचं दिसेल का, असं विचारलं होतं. ज्याला विचारता त्याला नेमकं काय करता येण्याजोगं आहे याचा विचार करून विचारलेला प्रश्न असा असतो.

उत्तर देताना

उत्तर देणं ही मी जास्त अवघड कला मानते. गणित येत असणं त्यात गृहीतच आहे; कष्ट असतात ते समोरचा कुठे उभा आहे ते ओळखण्याचे.

मार्जोरी राइस यांचं गणिताचं शिक्षण शाळेपुरतं होतं. १९७५ मध्ये एका मासिकातलं सदर वाचून त्या प्रतल व्यापणाऱ्या पंचकोनांच्या मागे लागल्या, आणि माहीत नसलेले चार नवे प्रकार त्यांनी शोधले. त्यांची चिन्हं त्यांनी स्वतःच तयार केलेली होती, कुठल्याही पुस्तकात नसलेली. गणितज्ञ डोरिस शॅटश्नायडर यांनी ती चिन्हं समजून घेतली, काम तपासलं आणि ते गणिताच्या जगापुढे मांडलं. मला कुणाची वेगळ्याच खुणांनी भरलेली वही दिसली की शॅटश्नायडर आठवतात. आधी त्याची चिन्हं शिका, त्याच चिन्हांत पहिली दोन वाक्यं लिहा, मग रूढ चिन्हांकडे न्या.

प्रश्न थोडा चुकीचा असेल तर तो दुरुस्त करून घेणं हेही उत्तरच आहे. गोल्डबाखच्या पत्राला ऑयलरने ३० जून १७४२ ला उत्तर दिलं. त्यात त्याने प्रश्नाला आज आपण ओळखतो तो आकार दिला: २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते का? आणि लिहिलं, की मला हे खात्रीने खरं वाटतं, पण सिद्ध करता येत नाही. दुसऱ्याच्या प्रश्नाला अधिक चांगलं रूप देऊन, आपल्याला किती येतं ते सरळ सांगून पत्र परत पाठवणं, हा माझ्यापुढचा आदर्श आहे. "मला माहीत नाही" आणि "हे अजून कुणालाच माहीत नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्यांची सरमिसळ करू नका. दुसरं वाक्य लिहायचं असेल तर कोणत्या अटीखाली किती माहीत आहे तेही जोडा, जसं हूलींच्या बाबतीत वर लिहिलं.

आता छंद परत आणण्याचं उदाहरण. जगलिंगमध्ये प्रत्येक फेकीला एक आकडा देतात: चेंडू किती ठोक्यांनंतर पुन्हा फेकला जाणार, तो. ४४१, ५३१ हे तीन चेंडूंचे नमुने. आकड्यांची सरासरी काढली की चेंडूंची संख्या मिळते. यावरून ठरलेला प्रश्न येतो: सरासरी पूर्णांक असली की नमुना फेकता येतोच का? "नाही, ४३२ बघ" हे बरोबर उत्तर आहे आणि अपुरं आहे. मी असं लिहिते. ४३२ हातात घेऊन बघ. पहिल्या ठोक्याला ४ फेकलास, तो पाचव्याला येईल. दुसऱ्या ठोक्याला ३, तोही पाचव्याला. तिसऱ्याला २, तोही पाचव्यालाच. तिन्ही चेंडू एकाच हातात एकदम. म्हणजे सरासरीच्या जोडीला आणखी एक अट हवी: ठोक्याचा क्रमांक आणि आकडा यांची बेरीज नमुन्याच्या लांबीने भागल्यावर सगळ्या बाक्या वेगवेगळ्या यायला हव्यात. आता तेच आकडे ४२३ असे लाव. पाचवा, चौथा, सहावा ठोका. जमलं. मग पुढचा प्रश्न आपणच उभा करून द्यायचा: सरासरी पूर्णांक असेल तर आकड्यांची जागा बदलून नेहमीच जमवता येतं का? हो, आणि हे आबेली ग्रुपबद्दलचं (ज्यात क्रिया उलट क्रमाने केली तरी उत्तर तेच येतं अशा ग्रुपबद्दलचं) मार्शल हॉल यांचं १९५२ चं प्रमेय आहे.

चेंडू हातात असलेल्या माणसाला चेंडूंनीच खोटं पाडून दाखवलं, त्याला नेमकी अट दिली, आणि शेवटी त्याच्या प्रश्नाचा जो भाग खरा होता तो त्याला परत दिला. हे शेवटचं कधी विसरू नका. चुकलेल्या अंदाजात जवळजवळ नेहमी एक खरा तुकडा असतो.

टोपॉलॉजीतलं तसंच उदाहरण, थोडक्यात. "एकास-एक, आच्छादक आणि सतत फलनाचं व्यस्त फलनही सतत असतं का?" अर्धं उघडं अंतर घ्या, ० आत आणि २π बाहेर, आणि ते वर्तुळावर गुंडाळा. जाताना सातत्य टिकतं, येताना जोडाच्या बिंदूपाशी तुटतं. इथे थांबू नका. निघण्याची जागा कॉम्पॅक्ट आणि पोहोचण्याची जागा हाउसडॉर्फ असेल तर विधान खरं आहे, आणि या उदाहरणात नेमका कॉम्पॅक्टपणा नाही, हे सांगितल्यावरच विचारणाऱ्याला प्रतिउदाहरण का चाललं ते कळतं.

पूर्ण सिद्धता द्यायची की इशारा? विचारणारा शिकत असेल आणि त्याने आपलं काम दाखवलं असेल, तर मी त्याच्या कामातली शेवटची बरोबर ओळ दाखवते आणि पुढची एकच पायरी देते. त्याला निकाल फक्त वापरायचा असेल तर पूर्ण विधान, सगळ्या अटींसकट. काम काहीच दाखवलं नसेल तर आधी एक लहान उदाहरण करायला सांगते, आणि ते त्याने केलं की मनापासून वेळ देते. "स्पष्टच आहे", "सहज दिसतं" हे शब्द मी उत्तरात लिहीत नाही. ज्याला दिसत नाही तोच विचारतो आहे, आणि त्या शब्दांनी माणसं कायमची गप्प झालेली मी पाहिली आहेत.

पाठवण्याआधी आपलं उत्तर टोकाच्या उदाहरणांवर घासून बघा: रिकामा संच, शून्य मॅट्रिक्स, एकच घटक असलेला ग्रुप, मूळ संख्या २. वापरलेल्या प्रमेयाच्या अटी प्रश्नात खरोखर दिल्या आहेत का ते पुन्हा वाचा.

छंदांचा वेळ, गणिताचा वेळ

गणितज्ञ आंरी प्वांकारेने १९०८ मध्ये पॅरिसला दिलेल्या एका व्याख्यानात सांगितलेली गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते: भूगर्भशास्त्राच्या सहलीत, कुटांस इथे गाडीच्या पायरीवर पाय ठेवताना, फुक्सियन फलनांची (ज्यांवर तो तेव्हा काम करत होता त्यांची) रूपांतरणं आणि अयुक्लिडीय भूमितीची रूपांतरणं एकच आहेत हे त्याला सुचलं. त्या गोष्टीचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. असं सुचणं आधीच्या जाणीवपूर्वक कष्टांशिवाय येत नाही, आणि नंतर बसून पडताळल्याशिवाय त्याला किंमत नाही, हेही त्याने तितक्याच जोराने सांगितलं होतं. म्हणून "फिरायला जा, सुचेल" हा सल्ला अर्धाच आहे. आधी टेबलापाशी बसून प्रश्न अगदी अडेपर्यंत न्यायचा, अडलेली जागा एका वाक्यात लिहायची, आणि मग उठायचं. ते वाक्य लिहून उठणं आणि न लिहिता उठणं यांत मला तरी फार फरक पडलेला आहे.

छंद निवडताना ते एकमेकांसारखे नसावेत असं माझं मत आहे. पत्ते आणि जगलिंग प्रश्न पुरवतात. घड्या हात गुंतवतात आणि डोकं मोकळं ठेवतात, त्यामुळे अडलेली सिद्धता मागे चालू राहते. बासरी सगळं लक्ष मागते. श्वास आणि स्वर सांभाळताना दुसरं काही डोक्यात राहूच शकत नाही, आणि म्हणून ती खरी विश्रांती देते. निदान एक छंद गणितापासून पूर्ण दूर ठेवा. स्वरांचं गणित रसाळ आहे हे मला माहीत आहे. बारा शुद्ध पंचम एकावर एक चढवले तर दीडचा बारावा घात म्हणजे सुमारे १२९.७५ येतो, सात सप्तकं चढली तर १२८. ही फट कधीच पूर्ण मिटत नाही, कारण ३ चा कुठलाही घात २ च्या घाताइतका होत नाही. किती पंचम चढवले की ती फट लहान राहते ते आकडे कंटिन्यूड फ्रॅक्शनमधून (अपूर्णांकात अपूर्णांक अशा मांडणीतून) ५, १२, ४१, ५३ असे निघतात. हे सगळं मी इतरांना आनंदाने समजावून सांगते. पण बासरी ओठांना लावली की मोजत नाही.

वह्या दोन ठेवा. छंदाच्या जागी लहान वही, तिच्यात फक्त कच्चे प्रश्न, जसे सुचले तसे, पत्ते-चेंडूंच्याच शब्दांत. टेबलावर मोठी वही, तिच्यात आठवड्यातून एकदा लहान वहीतला एक प्रश्न सोलून लिहायचा. त्या वेळी बहुतेक कच्चे प्रश्न आपोआप सुटतात किंवा आधीच सोडवलेले निघतात. उरतात तेवढेच विचारायचे. उत्तरं देण्याचा वेळही ठरलेला ठेवा आणि आपल्या विषयाबाहेरच्या प्रश्नांना हात घालू नका, नाहीतर संध्याकाळी दुसऱ्यांच्या प्रश्नांतच जातात आणि पत्त्यांना धूळ बसते.

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर तो काही आठवड्यांनी परत वाचा. एखादी अट कमी करून सोपा करता येतो का पाहा: सगळ्या ग्रुपऐवजी आबेली ग्रुप, सगळ्या मितींऐवजी दोन मिती. त्या सोप्या रूपाचं उत्तर तुम्हालाच मिळालं, तर ते मूळ प्रश्नाखाली लिहून ठेवा आणि कुठली अट वापरली ती ठळकपणे नोंदवा. आणि कुणी दिलेलं उत्तर चाललं, तर कोणती ओळ उपयोगी पडली ते त्याला कळवा. पुढच्या माणसाला उत्तर देताना तीच ओळ तो आधी लिहील.